पत्र्याचे घर थंड कसे राहील? फवारणीच्या फोमचे फायदे आणि तोटे



सिद्धेश्वर धरणाच्या परिसरात फिरताना यंदा एकच प्रश्न वारंवार कानावर आला. एका शेतकरीदादांनी तो असा विचारला : "साहेब, माळवद पाडलं, पत्रे टाकले. आता दुपारी घरात थांबू वाटत नाही. पत्र्याला आतून फोम फवारला की घर थंडगार होतं म्हणतात. खरं काय ते सांगा."

प्रश्न रास्त आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. उघड्यावरचा पत्रा उन्हात ६० अंशांच्याही वर तापतो. घरात म्हातारी माणसे, बाळंतीण, तान्ही लेकरे असली की हा केवळ सुखसोयीचा प्रश्न राहत नाही. उष्माघाताने माणूस दगावतो. म्हणून या फोमची दोन्ही अंगे आज समजून घेऊ.

माळवद का गेले?

माळवदाच्या घरात उन्हाळा जाणवत नसे. फूटभर पांढऱ्या मातीचा थर दिवसभर ऊन पीत राही आणि ती उष्णता खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होई. पण या मातीला वजन फार. एक चौरस मीटर छतावर फूटभर माती म्हणजे जवळपास अर्धा टन भार. २० बाय ३० फुटांच्या घरावर हा भार पंचवीस टनांच्या पुढे जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा अशाच जड छतांखाली आणि दगडी भिंतींखाली हजारो माणसे गेली. आपल्या हिंगोली जिल्ह्यालाही २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. तेव्हा हलके छत घेण्यात तुमचे चुकले नाही. पत्र्याने भार कमी केला, पण ऊन मात्र थेट घरात आणले. (जाता जाता एक सूचना : वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले असतील तर ते काढा आणि पत्रे हुकांनी आवळा. धक्का बसला की तेच दगड डोक्यात येतात.)

फोम म्हणजे काय?

घरच्या फ्रीजच्या दोन पत्र्यांमध्ये किंवा डेअरीतल्या दूध थंड करण्याच्या टाकीच्या भिंतीत जो पिवळसर, हलका थर असतो, तोच हा फोम. त्याला पॉलियुरेथेन म्हणतात. दोन द्रव रसायने यंत्रातून एकाच वेळी फवारली जातात. ती एकत्र येताच फसफसतात, कित्येक पटींनी फुगतात आणि काही क्षणांतच घट्ट होतात. आत लाखो बारीक पोकळ्या तयार होतात. त्यांत अडकलेली हवा किंवा वायू उष्णतेला पुढे जाऊ देत नाही. पिकाला आपण आच्छादन करतो आणि जमीन तापत नाही, तसेच हे पत्र्याला आतून केलेले आच्छादन.

याचे दोन प्रकार आहेत. एक कडक, बंद पोकळ्यांचा. तो पाणी धरत नाही. दुसरा मऊ, उघड्या पोकळ्यांचा. तो स्पंजासारखा ओल धरतो. पत्र्याला लावायचाच झाला तर कडकच लावावा.

फायदे

१) दुपारची आच चांगलीच कमी होते. दोन इंच जाडीचा कडक फोम उष्णता अडवण्यात फूटभर मातीपेक्षा सरस ठरतो.

२) वजन नगण्य. दोन इंचांचा थर चौरस मीटरला दीड-दोन किलो भरतो.

३) थंडीत पहाटे पत्रा आतून घामेजतो आणि अंथरुणावर थेंब पडतात, ते थांबते. पावसाचा आवाजही कमी होतो.

४) फटी बुजतात. धूळ आणि गरम हवा आत येत नाही.

शीतगृह, केळी पिकवण्याच्या खोल्या, कोंबड्यांच्या मोठ्या शेड येथे फोमचा उपयोग होतो तो याच गुणांमुळे. मात्र तिथे आतली हवा यंत्राने थंड केलेली किंवा खेळती ठेवलेली असते. आपले राहते घर तसे नसते. म्हणून पुढची बाजू नीट वाचा.

तोटे

१) आग. हा सर्वांत मोठा तोटा. हा फोम पेट घेतो, आग झपाट्याने पसरते आणि धूर विषारी असतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडचा वायू असतो. दक्षिण कोरियातील इचॉन येथे २९ एप्रिल २०२० रोजी बांधकाम चालू असलेल्या एका गोदामात वेल्डिंगची ठिणगी फोमवर पडली आणि ३८ कामगार मेले. आता आपल्या घराकडे बघा. चूल घरातच, कापूस घरातच भरलेला, विजेची वायर पत्र्याच्या कैचीला गुंडाळलेली. अशा घरात उघडा फोम म्हणजे डोक्यावर विस्तव बांधून घेणे होय.

२) फवारताना विषबाधा. यातील आयसोसायनेट नावाचे रसायन फुप्फुसाला फार वाईट. त्याने दमा जडतो, आणि एकदा जडला की थोड्याशा वासानेही उठतो. काम करणाऱ्याला पूर्ण अंगरखा आणि बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. आपण कीटकनाशक फवारताना तोंडाला रुमाल बांधतो, तसे इथे मुळीच चालत नाही.

३) गळती लपते. पत्रा कुठे गळतो हे दिसत नाही. पाणी पत्रा आणि फोम यांच्या मधे मुरते आणि पत्रा आतल्या आत सडतो. लाकडी वासे असतील तर तेही कुजतात. इंग्लंडमध्ये लाकडी छतांना असा फोम लावलेल्या घरांवर काही बँका कर्ज द्यायला तयार होत नाहीत, ते याच भीतीने.

४) सुटा करता येत नाही. वळवाच्या वाऱ्याने दोन पत्रे उडाले तर एरवी तेवढेच बदलतो. फोमचा पत्रा काढताना सगळा थर फाटतो. जुना पत्रा विकायला काढला तर भावही येत नाही.

५) उंदीर आणि मुंग्या फोम कोरून घर करतात. उन्हाची तिरीप लागली की तो पिवळा पडून भुसभुशीत होतो.

६) रात्रीची अडचण. नुसता पत्रा रात्री लवकर निवतो आणि घरातली उष्णता बाहेर टाकतो. फोम लावला की ती वाट बंद होते. खिडक्या-झरोके नसतील तर माणसांची, चुलीची उष्णता आतच कोंडते. दुपारी सुख आणि रात्री घुसमट, असे होते.

मग करावे काय?

माझा सल्ला असा, की स्वस्त आणि सुटे करता येणारे उपाय आधी करा. फोम शेवटी.

पहिली पायरी : ऊन पत्र्यावरच परतवा. पत्र्याला बाहेरून ऊन परतवणारा पांढरा रंग द्या. काळपट, गंजलेला पत्रा ऊन शोषतो, पांढरा परत पाठवतो. चुना सिमेंटच्या स्लॅबला चालतो. पत्र्याला मात्र रंगच बरा, कारण ओला चुना जस्ताचा मुलामा खातो आणि पहिल्या पावसात धुऊन जातो. रंगाचे काम फाल्गुनात, सकाळच्या वेळी उरका. आधी गंज घासा, छिद्रे बुजवा. चालताना पाय लोखंडी पट्टीच्या रेषेवरच ठेवा.

दुसरी पायरी : सावली. भाजीपाल्याची जुनी शेडनेट पत्र्याच्या वर फूटभर अंतर राखून ताणा. मधून वारा खेळला पाहिजे. वळवाच्या आधी ती काढून ठेवा. दाराच्या मांडवावर दुधी, दोडका चढवा. पत्र्यावर कडबा किंवा पऱ्हाट्या टाकू नका, ठिणगीचा धोका असतो.

तिसरी पायरी : पोटछत. पत्र्याखाली फूटभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत करा. दोन्ही टोकांच्या भिंतींत वर जाळीचे झरोके ठेवा, म्हणजे मधली तापलेली हवा निघून जाईल. चुलीच्या खोलीत तट्टे लावू नका. थर्माकोलही नको, तोही भडकतो.

या तिन्ही पायऱ्या करूनही भागले नाही, तरच फोमचा विचार करा आणि पुढील गोष्टी पक्क्या करून घ्या :

• पत्रा नवा किंवा निर्दोष असावा. एक पावसाळा न गळता गेलेला असावा.

• चुलीच्या, कापसाच्या आणि चाऱ्याच्या खोलीत फोम नको.

• वायरिंग आधी पाइपातून काढून घ्या. फोममध्ये वायर गाडू देऊ नका.

• फोमवर आग रोखणारा लेप किंवा प्लास्टर करण्याचे बोलीत लिहून घ्या. उघडा फोम ठेवू नका. नंतर त्या छताजवळ वेल्डिंग करू देऊ नका.

• दर चौरस फुटाचा सांगतात. तो किती जाडीचा, हे आधी विचारा. काम झाल्यावर सुई खुपसून जाडी स्वतः मोजा.

• ओल्या, धुळकट किंवा दुपारी तापलेल्या पत्र्यावर फवारू देऊ नका. फोम धरत नाही.

• घरातली माणसे, धान्य, पाण्याची भांडी आधी बाहेर काढा. जनावरेही लांब बांधा. फवारल्यावर निदान एक दिवस-रात्र कोणी आत जाऊ नये. नंतरही उग्र वास टिकला तर मिश्रण बिघडले आहे असे समजा, आत झोपू नका आणि काम करणाऱ्याला परत बोलवा.

• बाजारात डब्यात मिळणारा फोम फटी बुजवण्यापुरता असतो. तो छताला मारत बसू नका.

बंधू-भगिनींनो, त्या शेतकरीदादांच्या घरी चूल आणि कापूस एकाच खणात होता. त्यांना मी फोम नको म्हणून सांगितले, आणि पांढरा रंग, तट्टे, दोन झरोके एवढेच सुचवले. आपले माळवद थंड होते ते नुसत्या मातीमुळे नव्हे. वरचा झरोका रात्री उघडून गरम हवा बाहेर काढण्याची रीतही त्यामागे होती. पत्र्याच्या घरातही ती रीत चालू ठेवा. दुपारी दारे-खिडक्या लावून ऊन बाहेर ठेवा, आणि दिवस मावळला की सगळे उघडून वारा आत घ्या.