दाराचं रबर

पिंपरी-चिंचवड ते चाकण या मोटारींच्या पट्ट्यात दाराचं रबर कुणाला नवं नाही. पण घरी विमान बांधणाऱ्याला ते स्वतः निवडावं लागतं. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. अशा कामात दारही आपणच निभवायचं असतं.

उडताना बाहेरून वेगानं वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि दार बाहेर ओढलं जातं. फट वाढते, शिट्टी वाजते, पाऊस आत येतो. म्हणून रबर पोकळ आणि मऊ घ्यावं. ईपीडीएम जातीचं ऊन-पावसात टिकतं. आधी चौकटीवर ओल्या मातीच्या गोळ्या ठेवून दार लावा. त्या किती दबल्या, त्यावरून फट कळते. चौकट स्पिरिटनं पुसा. रबर ताणू नका. ताणलेलं पुढे आखडतं, कोपरे सुटतात. सांधा खालच्या बाजूला ठेवा. मग दारात कागदाची पट्टी धरून ओढा. सहज निघाली तर तिथे फट आहे.

जाड रबरानं आवाज थांबतो, पण कडी पुरती बसत नसेल तर ते रबर काढाच. शिट्टी सोसता येते. आकाशात उघडलेलं दार नव्हे.