सोनाळ्याला रेल्वे आली तर डिझेल किती वाचेल?

अकोला-खंडवा मीटरगेज माहीत आहे ना? अकोट सोडलं की मेळघाटच्या जंगलातून धूळघाटचा तो प्रसिद्ध वळसा घेत वर चढणारी! ब्रॉडगेजसाठी ती बंद झाली. अकोल्याहून अकोटपर्यंत नवी गाडी 2022 मध्ये सुरूही झाली. पुढचं काम मात्र व्याघ्र प्रकल्पामुळे अडलं. 2021 मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून जंगलाबाहेरचा मार्ग सुचवला. हा पर्याय हिवरखेड, सोनाळा, जामोद असा सातपुड्याच्या पायथ्याने जातो.

म्हणजे वाघाचं घर शाबूत आणि आपल्या संग्रामपूर तालुक्याला रूळ. मला हा मार्ग मनापासून पटतो.

आता तेलाचं बघा. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 80 टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. आपला संत्रा आणि कापूस ट्रकनेच निघतो, त्यामुळे डिझेल महागलं की भाडं वाढतं आणि बागेतला भाव पडतो. पोलादी चाक पोलादी रुळावर धावताना घर्षण फार कमी होतं. म्हणून तेवढंच वजन रेल्वे ट्रकच्या मानाने कितीतरी कमी ऊर्जेत ओढते, आणि विजेच्या इंजिनाला डिझेल लागतच नाही. वरूडचा संत्रा 2020 मध्ये किसान रेल्वेने दिल्लीला गेलाच की!

ग्रामपंचायतींनी आतापासूनच मालधक्का, शीतगृह आणि स्टेशनपर्यंतच्या एसटीची मागणी ठरावात घ्यावी. नुसता प्रवासी थांबा मिळाला तर संत्रा ट्रकमध्येच राहील.