जिथे सौदा होत नाही

घरांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या इस्टेट एजंटच्या उत्पन्नाला मर्यादा नसते, असे या व्यवसायाचे आकर्षण सांगितले जाते, आणि ते खोटे नाही; मात्र ज्या उत्पन्नाला वर छत नसते त्याला बहुधा खाली जमीनही नसते, ही त्याची दुसरी बाजू होय. मुंबई-पुण्यात विक्रीच्या व्यवहारावर साधारण एक ते दोन टक्के आणि भाडेकरारावर सुमारे एका महिन्याचे भाडे अशी दलाली रूढ असली, तरी ती व्यवहार पार पडला तरच हाती येते. सदनिका पाचव्यांदा दाखवून झाली, भाव ठरला, टोकन दिले गेले, आधीच्या करारांची साखळी तपासून झाली, सोसायटीचा ना-हरकत दाखलाही मिळाला आणि दस्तनोंदणीच्या आदल्या दिवशी मालकाच्या भावाने हक्क सांगितला किंवा बँकेने कर्ज नाकारले, तर तीन महिन्यांची धावपळ जमेच्या बाजूला एक रुपयाही न मांडता संपते. अशा अनिश्चिततेत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना जो शिणवटा येतो, तो चार दिवसांच्या सुट्टीने का जात नाही आणि कामाबाहेरच्या उद्दिष्टाने तो हलका कसा होऊ शकतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

या शिणवट्याला ‘बर्नआउट’ हे नाव मानसशास्त्रात रुळले ते हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांच्या १९७४ मधील लेखामुळे. पुढे क्रिस्टिना मॅसलॅक यांनी त्याची तीन लक्षणे निश्चित केली: भावनिक शक्ती आटणे, समोरच्या माणसांविषयी कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काही चांगले घडते हा विश्वास ओसरणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची गणना आजारांत न करता, नीट हाताळल्या न गेलेल्या कामाच्या दीर्घकालीन ताणातून उद्भवणारी व्यवसायनिगडित स्थिती अशी केली आहे. ग्राहकाचा फोन वाजताच कपाळाला आठी पडणे, नव्या जोडप्याच्या घराच्या स्वप्नात केवळ ‘बजेट किती’ एवढेच ऐकू येणे आणि व्यवहार झाल्यावरही आनंदाऐवजी सुटल्यासारखे वाटणे, ही त्याच लक्षणांची या व्यवसायातील रूपे म्हणता येतील.

या व्यवसायाची घडणही शिणवट्याला पोषक आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील सेविका आणि थकबाकी वसूल करणारे कर्मचारी यांच्या अभ्यासातून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. कामाची गरज म्हणून मनात नसलेली भावना चेहऱ्यावर आणणे किंवा असलेली दडपणे, हेही श्रमच असतात, असा तिचा आशय. मालकाचा अवाजवी भाव आणि ग्राहकाची अवाजवी घासाघीस एकाच हसऱ्या चेहऱ्याने ऐकणाऱ्या एजंटला हे श्रम दिवसभर पडतात. शिवाय बक्षीस कोणत्या खेपेला मिळेल हे ठाऊक नसले, की ते मिळवण्याची धडपड सर्वांत चिवट होते, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून दिसून आले आहे. पुढचा फोन कदाचित मोठ्या व्यवहाराचा असेल या आशेने जेवतानाही मोबाइल हातातून न सुटण्याचे एक कारण त्यात सापडते. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा या मुहूर्तांवर उसंत नसते आणि पितृपक्षात उसंत मिळते तेव्हा ती विश्रांती न वाटता तोटा वाटते. २०२० मध्ये टाळेबंदीत ठप्प झालेले व्यवहार राज्य शासनाने मुद्रांक शुल्क घटवताच सप्टेंबरपासून वेगाने वाढले. अशा भरती-ओहोटीवर एजंटचा काही ताबा नसतो, तरीही यशापयश मात्र तो स्वतःचे मानतो.

खरी मेख या शेवटच्या मुद्द्यात आहे. पॅट्रिशिया लिनव्हिल यांनी १९८७ मध्ये असे प्रतिपादन केले, की ज्याची स्वतःविषयीची कल्पना अनेक स्वतंत्र भूमिकांत विभागलेली असते, त्याला एका भूमिकेतील अपयशाचा धक्का तुलनेने सौम्य बसतो. ‘या महिन्यात किती क्लोज केले’ हाच ज्याच्या योग्यतेचा एकमेव मापदंड झाला आहे, त्याला फिसकटलेला सौदा स्वतःच्या नालायकीचा दाखला वाटतो. पण जो तबल्याचा विद्यार्थी, महापालिका शाळेतील मुलांना गोष्टी वाचून दाखवणारा दादा किंवा टेकडीवरच्या रोपांना पाणी घालणारा कार्यकर्ताही आहे, त्याच्यापाशी त्या संध्याकाळीही काही शिल्लक उरते. झाबिने झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये कामाच्या ताणातून सावरण्याचे चार अनुभव वेगळे काढले: कामापासून मनाने अलिप्त होणे, शरीर-मन सैलावणे, एखाद्या गोष्टीत प्रावीण्य मिळवणे आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणे. पडून राहिल्याने यांपैकी फार तर दुसरा साधतो, तर आवडीने पत्करलेल्या उद्दिष्टात चारही साधण्याची शक्यता असते.

मात्र येथे या व्यवसायाचा स्वतःचा एक सापळा आहे. एजंटच्या दृष्टीने प्रत्येक ओळख ही संभाव्य ग्राहकाची ओळख असते, त्यामुळे गणेशमंडळ, भजनीमंडळ, गिर्यारोहकांचा गट, सारेच हळूहळू ‘लीड’ मिळवण्याचे ठिकाण बनते आणि बाहेर शोधलेले उद्दिष्ट पुन्हा दुकानात येऊन बसते. म्हणून जिथे व्हिजिटिंग कार्ड खिशातून निघत नाही आणि घरांचे भाव कोणी विचारलेच तर विषय दुसऱ्या दिवशीच्या कार्यालयीन वेळेवर ढकलला जातो, तीच जागा खऱ्या अर्थाने कामाबाहेरची मानावी. मराठी समाजाला अशी जागा नवी नाही. आषाढीच्या वाटेवर दिंडीत चालणारे एकमेकांना ‘माऊली’ म्हणून हाक मारतात आणि परस्परांच्या पाया पडतात, तेव्हा कोण काय कमावतो याला काही मोल नसते.

वेळेचा प्रश्न व्यवहारी आहे. शनिवार-रविवार साईट दाखवण्यात जात असल्याने रविवारच्या उपक्रमाचा संकल्प या व्यवसायात टिकत नाही. त्यापेक्षा आठवड्यातील मधल्या दिवसांची सकाळ राखून ठेवणे, ते दोन तास सहकाऱ्याने फोन घेणे आणि त्याच्या राखीव वेळी आपण घेणे, ही व्यवस्था अधिक तग धरते.

तथापि, छंद किंवा सेवा हा कामातील दोषांवरचा उतारा समजणे चुकीचे ठरेल. मॅसलॅक आणि मायकेल लायटर यांच्या मते बर्नआउटची मुळे कामाचा बोजा, कामावरील ताबा, मोबदला, सहकाऱ्यांशी नाते, न्याय्यता आणि मूल्ये या सहा क्षेत्रांतील विसंगतींत असतात. स्थावर संपदा कायद्याने, म्हणजेच ‘रेरा’ने, नियमनाखालील प्रकल्पांतील एजंटांना नोंदणी बंधनकारक केली आणि महाराष्ट्रात २०२३ पासून प्रशिक्षण व परीक्षाही आवश्यक ठरली, तरी दलालीची लेखी बोली, फोनच्या ठरलेल्या वेळा आणि खोटे आश्वासन न देण्याचा बाणा हे ज्याचे त्यालाच जपावे लागते. उदासी, निद्रानाश किंवा जगणे नकोसे वाटणे हे आठवडे उलटूनही कायम राहिले, तर तो बर्नआउटपुरता विषय राहत नाही. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे किंवा शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

व्यवसाय सोडणे हा काहींसाठी योग्य निर्णय असतो, पण तो थकलेल्या मनाने घेतला तर दुसऱ्या व्यवसायातही तीच मोजपट्टी सोबत जाते. कामाबाहेरचे उद्दिष्ट ती मोजपट्टी सैल करते, आणि ती सैल झालेला एजंट ग्राहकाला ‘हे घर तुम्ही घेऊ नका’ असे सांगण्याचे धैर्यही दाखवू शकतो, कारण त्या एका नकाराने त्याचे सर्वस्व पणाला लागलेले नसते.