आधी पकड, मग फेरा

लाकडी वाडगा कातताना सगळ्यात अवघड काम शेवटी येतं, ते म्हणजे बुडाचं. आतली बाजू कोरत असताना वाडगा लेथच्या चकमध्ये धरलेला असतो आणि चकचे जबडे आवळतात ते बुडाशी मुद्दाम राखलेल्या गोल खुंटाला. आत-बाहेर सगळं गुळगुळीत झालं तरी तो खुंट राहतोच. तो काढायचा तर वाडगा उलटा धरायला हवा. जबड्यांनी काठ धरला तर काठावर वळ उठतात. लेथच्या समोरच्या टोकाच्या टेलस्टॉकने नुसता दाबून ठेवला तर बुडाच्या मधोमध एक टोक उरतं आणि ते हाताने छाटावं लागतं.

यावरचा उत्तम उपाय म्हणजे व्हॅक्युम चक. लेथच्या पोकळ स्पिंडलवर एक डबा बसवायचा आणि त्याच्या तोंडाला मऊ रबरी कडं लावायचं. त्यावर वाडगा पालथा ठेवायचा आणि स्पिंडलमधून हवा ओढून घ्यायची. स्पिंडलच्या मागच्या टोकाला बेअरिंगचा जोड असतो, त्यामुळे स्पिंडल फिरतो पण नळी स्थिर राहते. वाडग्याला धरून ठेवते ती बाहेरची हवा. जबडा नाही, स्क्रू नाही, लाकडावर एकही खूण नाही.

हवेचं हे बळ किती, ते आकड्यांत पाहायला हवं. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोपेक्षा किंचित जास्त असतो. पाऱ्याच्या भाषेत 760 मिलिमीटर. व्हॅक्युम गेजचा काटा 500 मिलिमीटरवर असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 0.68 किलो दाब मिळतो. चकचा व्यास 15 सेंटिमीटर असला तर एकूण बळ 120 किलोच्या आसपास जातं. व्यास निम्मा केला तर बळ चौथाई, म्हणजे जेमतेम 30 किलो. म्हणून लहान वाटीला पकड कमी पडते. उलट, मोठ्या पण पातळ बुडाच्या वाडग्याला तोच दाब चिरडू शकतो. यासाठी नळीवर एक लहान व्हॉल्व्ह ठेवतात आणि त्यातून थोडी हवा आत सोडून पकड हवी तेवढीच ठेवतात.

मी पुण्यात काततो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच आहे, त्यामुळे इथली हवाच मुळात 710 मिलिमीटरच्या आसपास आहे. पंप कितीही चांगला असो, इथे काटा 760 ला जाणार नाही. कोकणातल्या कातकाम करणाऱ्याला मिळणारं सगळं बळ घाटावर मिळत नाही, हे गणितात धरूनच गेज वाचायचं.

बाजारात सहज मिळतो तो एसी दुरुस्तीवाल्यांचा तेलाचा पंप, पाव हॉर्सपॉवरचा. तो बंद नळ्यांतली हवा काढण्यासाठी बनवलेला असतो. लाकूड मात्र सच्छिद्र. आंब्याच्या लाकडातून, विशेषतः आडव्या छेदातून, हवा झिरपत राहते. सतत हवा ओढावी लागली की पंप तेलाचा धूर सोडतो. म्हणून एक्झॉस्टची नळी खिडकीबाहेर काढली आणि भुसा आत जाऊ नये म्हणून पंपाआधी फिल्टर बसवला.

पंप, नळ्या, गेज हे सगळं विकत मिळतं. वायरिंगचा विचार मात्र आपल्यालाच करावा लागतो. नुसता पंप सुरू करायचा असेल तर तीन तारा जोडल्या की झालं: फेज, न्यूट्रल, अर्थिंग. पण इथे एक यंत्र वस्तू धरून ठेवतं आणि दुसरं तीच वस्तू मिनिटाला शेकडो फेऱ्यांनी फिरवतं. धरणारं आधी बंद पडलं तर फिरणारा वाडगा सुटून थेट तोंडावर येतो. त्यामुळे वायरिंगचा खरा प्रश्न एकच: वीज जाते किंवा काही ट्रिप होतं तेव्हा आधी काय थांबतं?

म्हणून पहिला नियम असा की पंप आणि लेथ यांच्या लाइन बोर्डापासूनच वेगळ्या हव्यात. माझ्या लेथची मोटर व्हीएफडी ड्राइव्हवर, म्हणजे वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर चालते. अशा ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडा करंट नेहमीच अर्थिंगमध्ये जात असतो आणि त्यामुळे 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (गळती होताच पडणारं ब्रेकर) कधी कधी विनाकारण पडतं. दोघांना एकच आरसीसीबी असेल तर लेथच्या दोषाने पंपही बंद होईल, आणि वाडगा तर अजून फिरतोच आहे. म्हणून प्रत्येकाला वेगळं आरसीबीओ लावलं, म्हणजे गळती आणि जादा करंट दोन्हींवर पडणारं ब्रेकर. पंपासाठी 6 अँपिअरचं, सी प्रकारचं. मोटर सुरू होताना काही क्षण कित्येक पट करंट खेचते. बी प्रकार तीन ते पाच पटींवर पडतो, सी प्रकार पाच ते दहा पटींवर. वायर दीड स्क्वेअर मिलिमीटरची, तांब्याची.

बोर्डातलं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घेतलं. "दादा, पंपाला पिन-सॉकेट नको," असं म्हटल्यावर त्यांनी कारण विचारलं. लेथखाली भुशाचे ढीग साठतात, पाय अडकतो, झाडू लागतो. पिन सैल झाली तर पकड गेली. कारण त्यांना पटलं. पंपाची केबल ग्लँडमधून धूळबंद डब्यात नेली, टोकांना थिंबल दाबले आणि डबल पोल स्विच लावला. तो स्विच भिंतीवर उंच आहे, बाही किंवा छिन्नी लागणार नाही अशा जागी.

दुसरा नियम असा की पकड बसल्याशिवाय लेथ सुरूच होता कामा नये. त्यासाठी नळीवर व्हॅक्युम स्विच बसवला. काटा ठरलेल्या आकड्यापुढे गेला की त्याचा कॉन्टॅक्ट जुळतो. हा कॉन्टॅक्ट लेथच्या स्टॉप बटणाच्या सिरीजमध्ये, ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवर जोडला. ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मधली वायर तोडून तिथे स्विच घालणं चूक. चालू ड्राइव्हचं आउटपुट असं तोडलं तर ते जळू शकतं. कंट्रोलची वायर कमी व्होल्टेजची असते, म्हणून ती 230 व्होल्टच्या पाइपातून न नेता वेगळी नेली. आता पकड ढिली झाली की लेथला थांबण्याचा हुकूम आपोआप जातो. पकड परत आली तरी लेथ आपणहून सुरू होत नाही. हिरवं बटण पुन्हा दाबावंच लागतं.

तिसरा मुद्दा वीज जाण्याचा. वीज गेली की पंप आणि लेथ दोन्हींचा पुरवठा एकदमच तुटतो, पण वाडगा आपल्या वेगात काही वेळ फिरत राहतो. तेवढा वेळ पकड टिकावी म्हणून नळीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि एक जाड लोखंडी टाकी लावली. टाकी पुरेशी आहे का, हे मोजून पाहायचं. लेथ स्थिर ठेवून पंप बंद करायचा आणि काटा किती वेळात उतरतो ते घड्याळावर बघायचं. मग मोटरचा पुरवठा तोडून लेथ किती वेळात थांबतो ते बघायचं. पहिला वेळ दुसऱ्याच्या कितीतरी पट हवा. तो प्रत्येक लाकडागणिक बदलतो, म्हणून नवा वाडगा चढवला की ही चाचणी पुन्हा करायची. काटा भराभर उतरला तर लाकडाला सीलर लावायचा. एवढं करूनही शेवटच्या हलक्या कापापर्यंत टेलस्टॉकचा आधार सोडायचा नाही.

वापरण्याआधी पंपाच्या बॉडीपासून अर्थिंगपर्यंत सलगता तपासली, 500 व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन पाहिलं, आरसीबीओची टेस्ट बटणं दाबून पाहिली. पंप उघडायची वेळ आली तर कपॅसिटर आधी डिस्चार्ज करायचा. वीज बंद केल्यावरही त्यात धक्का शिल्लक राहू शकतो.

बंद करण्याचाही क्रम ठरलेला आहे. लेथ पूर्ण थांबवायचा, वाडग्याला हात लावून धरायचं, व्हॉल्व्ह उघडून हवा आत घ्यायची आणि मगच पंप बंद करायचा. हवा न सोडता पंप थांबवला तर तेल उलटं नळीत चढू शकतं.

घरच्या वर्कशॉपमध्ये कुणी मोठा पंप घेतो, कुणी देखणं गेज लावतो. तो खर्च जरूर करावा, पण पैसे काढण्याआधी कागदावर चार ओळी लिहाव्यात: काय आधी सुरू होईल, काय आधी थांबेल, वीज गेली तर काय, ट्रिप झालं तर काय. या चार ओळींना समाधानकारक उत्तर देईल तेच वायरिंग बरोबर, आणि ते होईपर्यंत त्या चकवर वाडगा चढवू नये.