मालक कमी, कार्यक्रम जास्त?

एका शहरात 1 लाख श्रोते आणि तीन रेडिओ केंद्रं आहेत, असं धरा. 75 हजारांना उडती गाणी हवीत, 15 हजारांना शास्त्रीय संगीत, 10 हजारांना बातम्या. तिन्ही केंद्रांचे मालक वेगळे असले तर तिघंही उडती गाणीच लावतील. कारण त्या श्रोत्यांचा तिसरा हिस्सासुद्धा 25 हजारांचा, म्हणजे शास्त्रीय संगीताच्या सगळ्या श्रोत्यांहून मोठा. मालक एकच असेल, तर तो स्वतःचेच श्रोते कशाला पळवील? तो एकेका आवडीला एकेक केंद्र देऊन मोकळा होईल.

पीटर स्टायनर या अर्थतज्ज्ञाने 1952 मध्ये मांडलेला हा तर्क मक्तेदारीच्या विरोधकांना पचायला जड जातो. तो पडताळायची संधी अमेरिकी संसदेने 1996 मध्ये दिली. दूरसंचार कायद्याने देशभरातल्या केंद्रांच्या मालकीवरची कमाल मर्यादा उठवली. एका शहरात किती केंद्रं घेता येतील, हे मात्र तिथल्या एकूण केंद्रांवर ठरलं: 45 किंवा अधिक असतील तर आठ, पंधराहून कमी असतील तर पाच. विलीनीकरणाची लाट आली, पण सगळीकडे सारखी नाही. संशोधकाला हेच हवं असतं.

स्टीव्हन बेरी आणि जोएल वॉल्डफोगेल यांनी 1993 आणि 1997 ची शहरं ताडून पाहिली. त्यांचा निबंध 2001 मध्ये आला. मालकी एकवटली तिथे नव्या केंद्रांची भर कमी पडली. पण केंद्रांच्या संख्येच्या मानाने कार्यक्रमांचे प्रकार वाढले. स्टायनर बरोबर ठरले म्हणायचे? अर्धेच. एका मालकाची केंद्रं एकमेकांपासून फार लांब गेली नव्हती. ती सारखी नव्हती, पण शेजारशेजारची होती. मधल्या फटीत नवा स्पर्धक शिरू नये, अशी ती मांडणी होती. मला या निबंधातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो: वैविध्य हे कुंपणही असू शकतं.

शिवाय प्रकार मोजल्याने जाहिरातदाराला मोजावा लागणारा दर कळत नाही. डिस्ने-स्टार आणि रिलायन्सच्या व्हायकॉम18 च्या विलीनीकरणात भारतीय स्पर्धा आयोगाला घोर होता तो क्रिकेटच्या जाहिरातींचा. 28 ऑगस्ट 2024 रोजी मंजुरी मिळाली ती कंपन्यांनी काही हमी दिल्यावर. आयपीएलसारख्या सामन्यांच्या जाहिरातीची टीव्हीवरची आणि ओटीटीवरची जागा एकत्र बांधून विकणार नाही, ही त्यांतली एक.