साखर, सोडा, कॉफी आणि मीठ

टेनेसी राज्यातल्या लिटल ग्रीनब्रायर नावाच्या खोऱ्यात वॉकर आडनावाच्या पाच बहिणी राहत होत्या. 1934 साली तिथं ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान झालं. आजूबाजूची कुटुंबं जमिनी विकून उठली, या मात्र हलेनात. शेवटी 1941 मध्ये त्यांनी आपली 122 एकर जमीन 4,750 डॉलरला सरकारला दिली, पण मरेपर्यंत याच घरात राहण्याची अट घालून. ओंडक्यांच्या त्या घरात वीज नव्हती, नळ नव्हता. बाजारातून काय काय आणावं लागतं, याची त्यांची यादी चार वस्तूंत संपायची: साखर, सोडा, कॉफी आणि मीठ.

ॲपलॅचिया म्हणजे न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण कडेपासून अलाबामा-मिसिसिपीपर्यंत उतरत गेलेला डोंगराळ पट्टा. तेरा राज्यांचे तुकडे त्यात येतात. अख्खं त्यात मोडणारं राज्य एकच, वेस्ट व्हर्जिनिया. 'ऑफ-ग्रिड' राहायचं, म्हणजे विजेची तार आणि नळाचं पाणी न घेता स्वतःच्या जमिनीवर जगायचं, असं ठरवून शहर सोडणारे अनेक अमेरिकन आजही याच डोंगरांत जागा शोधतात. त्यांना खुणावतं ते वॉकर बहिणींसारखं घर. ते घर चालत कसं होतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

घराजवळ झरा होता आणि त्याच्या पाण्यावरच एक छोटी खोली बांधलेली होती. जमिनीतून येणारं ते पाणी उन्हाळ्यातही गार. दूध-लोण्याची भांडी त्यात ठेवायची. मेंढ्यांची लोकर आणि शेतातला थोडा कापूस घरीच पिंजून, कातून, विणला जाई. सरकी काढायचं छोटं लाकडी यंत्र वडील जॉन वॉकर यांनी स्वतः बनवलं होतं. आपण ज्याला वाळवण म्हणतो, ते या डोंगरांत घरोघरी असे. कोवळ्या शेंगा सुईदोऱ्यात ओवून ओसरीवर नाहीतर चुलीमागे टांगायच्या. वाळून त्या इतक्या सुरकुततात की त्यांना तिथं 'चामडी विजारी' म्हणतात. हिवाळ्यात त्या रात्रभर भिजवून खारवलेल्या डुकराच्या तुकड्याबरोबर तासन्‌तास शिजवायच्या.

डुक्कर कापायचं ते थंडी पक्की झाल्यावर, सहसा नोव्हेंबरनंतर. मांसाच्या मोठ्या तुकड्यात मीठ हाडापर्यंत मुरायला काही आठवडे लागतात आणि तोवर मांस राखायचं काम थंडीच करते. चार वस्तूंच्या यादीत मीठ का होतं, ते इथं कळतं. मांसाला मीठ, लोणच्याला मीठ, आंबवलेल्या कोबीला मीठ. ते संपलं तर पुढचा सगळा हिवाळा अडचणीत.

आता हे डुक्कर पोसायचं कशावर? त्याचं उत्तर कुणाच्याच कुंपणाच्या आत नव्हतं. डुकरं जंगलात मोकळी सोडलेली असत. कानाला मारलेल्या खाचेच्या खुणेवरून कुणाचं कुठलं ते ओळखायचं. जमीन कागदावर कुणाचीही असो, चरायला ती सगळ्यांची, हा रिवाज होता. आणि त्या जंगलात होता चेस्टनट. शरदात त्याच्या फळांचा खच पडायचा. डुकरं त्यावर फुगायची, माणसं भाजून खायची आणि उरलेली पोती दुकानात देऊन त्या बदल्यात बूट, साखर घ्यायची. लाकूड सरळ चिरणारं, सहजी न कुजणारं. म्हणून कुंपणं आणि छपरं त्याचीच. गरीब घराचा निम्मा संसार त्या झाडाखाली होता, असं म्हटलं तर ते फार वाढवून सांगणं होणार नाही.

1904 मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या चेस्टनटांवर एक रोग दिसला. आशियातून आलेल्या झाडांबरोबर त्याची बुरशी येऊन पोचली होती. सालीच्या भेगेतून ती शिरते आणि खोडाला वेढा घालून रसाची वाट तोडते. 1950 पर्यंत सुमारे 400 कोटी झाडं गेली. मुळं मात्र अजून पुष्कळ ठिकाणी जिवंत आहेत. त्यांना धुमारे फुटतात, पुरुषभर उंच होतात, आणि फळ धरण्याआधीच बहुतेकांना बुरशी गाठते.

रोख पैशाची गरज तेव्हाही होती, कारण जमिनीचा कर शेंगांनी भरता येत नाही. त्यासाठी जिनसेंगच्या मुळ्या होत्या. तिथले लोक त्याला 'सँग' म्हणतात. रानात सावलीला वाढणारी ही वनस्पती आजही वाळवून मुख्यतः चीन आणि हाँगकाँगकडे जाते. बहुतेक राज्यांत ती 1 सप्टेंबरपासूनच काढता येते, आणि किमान पाच वर्षांचं झाड असेल तरच. काढणाऱ्याने तिची लाल फळं त्याच जागी मातीत दाबून पुढे जायचं. जाणती माणसं कायद्याआधीपासून हे करत आली आहेत.

कोळशाने मात्र घराखालची जमीनच काढून घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला दलालांनी शेतकऱ्यांकडून जमिनीखालच्या खनिजांचे हक्क किरकोळ रकमांना लिहून घेतले. वरची शेती तुमची, खालचा कोळसा कंपनीचा. पुढे यंत्रांनी डोंगर वरून खरवडायला सुरुवात झाली तेव्हा त्या जुन्या कागदांच्या बळावर परसबागा आणि फळबागाही उखडल्या गेल्या. केंटकीत 1988 मध्ये मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती केली, तेव्हा कुठे जमीनमालकाच्या संमतीशिवाय अशी खोदाई करायला आळा बसला. म्हणून या भागात जमीन घेणाऱ्याने आधी खनिजहक्क कुणाच्या नावावर आहेत ते पाहावं आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला जुनी खाण आहे का ते शोधावं. झऱ्यात खाणीचं पाणी उतरत असेल तर छपरावरच्या सौर पॅनेलचा काय उपयोग?

पॅनेलचाही हिशेब इथं वेगळा आहे. डोंगरांमधल्या अरुंद घळीला स्थानिक बोलीत 'हॉलर' म्हणतात. हिवाळ्यात तिथं ऊन उशिरा उतरतं आणि लवकर जातं. पण दक्षिणेकडच्या या डोंगरांत पाऊस भरपूर, काही ठिकाणी वर्षाला 2,000 मिलिमीटरच्याही वर. त्यामुळे ओढ्यावरचं छोटं जनित्र कामाला येतं. सेकंदाला 3 लिटर पाणी 30 मीटर उंचीवरून पाइपने खाली आणलं, तर घट वजा जाता साधारण 400 वॅट मिळतात. आकडा लहान दिसतो, पण ते जनित्र रात्रंदिवस फिरतं. दिवसाला दहाएक युनिट होतात. सरासरी अमेरिकन घर दिवसाला 30 युनिटच्या आसपास वापरतं. म्हणजे ओढ्याच्या विजेवर जगायचं तर गरजा आधी एकतृतीयांशावर आणाव्या लागतात.

सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलिनाचा पश्चिम भाग झोडपला. ॲशव्हिल शहराला पिण्यायोग्य नळाचं पाणी परत मिळायला 53 दिवस लागले. रस्ते वाहून गेलेल्या घळींमध्ये खेचरांच्या पाठीवरून औषधं आणि अन्न नेलं गेलं. ज्याच्याकडे झरा आहे, चूल आहे, भरलेल्या बरण्या आहेत, त्याचं घर अशा वेळी चालू राहतं. पण पडलेलं झाड रस्त्यावरून हटवायला शेजारी लागतो, आणि त्याची करवत लागते.

वॉकर बहिणींकडे परत येतो. उद्यानाच्या नियमांनी त्यांची शिकार, मासेमारी, लाकूडतोड आणि गुरं चारणं बंद झालं. रान दारात होतं, पण त्यावरचा हक्क गेला होता. 1946 मध्ये 'सॅटरडे इव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकात त्यांच्यावर लेख आला आणि माणसांची रीघ लागली. बहिणी त्यांना हातची विणकामं, सफरचंदाच्या तळलेल्या करंज्या आणि लुईसाने लिहिलेल्या कविता विकू लागल्या. जॉन वॉकर यांना अकरा मुलं होती. त्यातल्या पाच बहिणी या घरात टिकल्या होत्या. 1953 मध्ये दोघीच उरल्या होत्या, ऐंशी ओलांडलेली मार्गारेट आणि सत्तरीतली लुईसा. त्यांनी उद्यानाच्या अधिकाऱ्याला पत्र लिहिलं: पाहुण्यांचं स्वागत करणारी पाटी कृपा करून काढा, घरची कामं करून एवढ्या लोकांची ऊठबस आम्हाला जमत नाही. 1962 मध्ये मार्गारेट गेली. त्यानंतर दोन वर्षं, स्वतः जाईपर्यंत, लुईसा त्या घरात एकटी राहिली.