संत्रा वर, जंबेरी खाली: कलम घेताना काय पाहाल?

वरुड-मोर्शीच्या बागेतले संत्र्याचे झाड प्रत्यक्षात दोन झाडांचे असते. वर नागपुरी संत्रा, खाली बहुतेक वेळा जंबेरीचा खुंट. खडबडीत सालीच्या या लिंबाला बाजारात फारसा भाव नाही, पण रोपवाटिकेत त्याच्या बियांना मान आहे.

असे का?
जंबेरीच्या एका बीमध्ये अनेक गर्भ असतात. त्यातले बहुतेक परागीकरणातून नव्हे, तर मातृवृक्षाच्याच पेशींपासून तयार होतात. त्यामुळे रोपे आईसारखीच निघतात आणि बाग एकसारखी वाढते. संकरातून आलेली मोजकी रोपे उंचीला किंवा पानाला वेगळी दिसतात. ती डोळा भरण्याआधीच काढून टाकायची असतात.

फायदा काय?
मुळे जोमदार असून खोल जातात, त्यामुळे झाड पाण्याचा ताण सहन करते. ट्रिस्टेझा विषाणूलाही हा खुंट सहनशील आहे.

धोका कुठे?
फायटोफ्थोरा बुरशीपुढे जंबेरी कमकुवत ठरते. पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत मूळकूज आणि डिंक्या लवकर येतो. तिथे रंगपूर लिंबाचा खुंट तुलनेने बरा.

काय तपासाल?
खुंट कोणता, हे आधी विचारा. डोळा जमिनीपासून २० ते २५ सेंमी उंचीवर भरलेला हवा. लावताना कलमाचा जोड मातीत गाडू नका, बुंध्याला पाणी लागू देऊ नका. खुंटाची चूक अनेकदा चार-पाच वर्षांनी, झाड फळावर आल्यावरच कळते. तोवर खर्च होऊन गेलेला असतो.